पगार वाढला, विमा गेला: सक्तीच्या आरोग्य विम्यातली फट



तुमच्या दारात दुचाकी उभी असेल तर तिचा थर्ड पार्टी विमा असलाच पाहिजे, असं मोटार वाहन कायदा सांगतो. नसेल तर दंड भरावा लागतो. म्हणूनच रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बिल हातात पडल्यावर हमखास विचारतात, "डॉक्टर, गाडीला विमा सक्तीचा आहे, मग माणसाला का नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण खरं सांगायचं तर माणसालाही विमा सक्तीचा आहे. फक्त सगळ्या माणसांना नाही. कुणाला आहे आणि कुणाला नाही हे त्या माणसाच्या आजारावरून ठरत नाही, तर त्याच्या पगाराच्या आकड्यावरून ठरतं. तो आकडा थोडासा ओलांडला की काय होतं आणि ते बदलायला का हवं, याबद्दल आज मला लिहायचं आहे. शेवटी तुम्हाला लगेच करता येण्यासारख्या काही गोष्टीही दिल्या आहेत. वरचं सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान तेवढं नक्की वाचा.

सक्तीचा आरोग्य विमा आपल्याकडे आहेच

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ सालचा आहे आणि प्रत्यक्ष योजना १९५२ पासून सुरू झाली. तुम्ही तिला ईएसआय, ईएसआयसी किंवा नुसतं 'कामगार विमा' म्हणत असाल. ज्या कारखान्यात किंवा आस्थापनेत हा कायदा लागू होतो, तिथे मालकाला 'मला नको' म्हणता येत नाही आणि कामगारालाही नाही. म्हणजे हा शब्दशः सक्तीचा विमा आहे.

वर्गणी किती? जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक वर ३.२५ टक्के भरतो. पगार २०,००० असेल तर तुमचे १५० रुपये आणि मालकाचे ६५० रुपये, एकूण महिना ८०० रुपये. या पैशांत तुम्ही, तुमची पत्नी किंवा पती, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात. त्यात खर्चाची वरची मर्यादा नाही, आधीपासून असलेल्या आजाराची अट नाही आणि वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही.

डॉक्टर म्हणून मला यातल्या दोन गोष्टी सगळ्यात मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे यात ओपीडी आहे. साधा ताप, बीपीच्या गोळ्या, साखरेची तपासणी यांसाठी अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आजारपणात बुडालेला पगारही काही प्रमाणात मिळतो. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कॅन्सर यांसारख्या लांबणाऱ्या आजारांत हा लाभ आणखी वाढतो. बाजारातल्या साध्या मेडिक्लेम पॉलिसीत या दोन्ही गोष्टी सहसा नसतात.

२१,००० ची रेघ

आता अडचण कुठे आहे ते पाहू. ही योजना महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच आहे (दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे). त्याच्या वर गेलात की तुम्ही बाहेर.

समजा तुमचा पगार २०,६०० आहे. मालकाने खूश होऊन ८०० रुपये वाढवले. नवा पगार २१,४००. घरी पेढे आणले. पण काही महिन्यांनी तुमचं, पत्नीचं, दोन मुलांचं आणि मधुमेह असलेल्या आईचं कामगार विम्याचं संरक्षण संपतं. वाढलेल्या ८०० रुपयांत या पाच जणांचा, त्यातल्या एकाला आधीच मधुमेह असलेला, ओपीडीसह विमा बाजारात घ्यायला जा. मिळणार नाही. म्हणजे पगारवाढ झाली, पण घर आधीपेक्षा गरीब झालं.

काही कामगार एचआरकडे जाऊन 'माझी वाढ पुढच्या वर्षी द्या' असं म्हणतात, ते ऐकून हसायचं नाही. त्यांचा हिशेब बरोबर आहे. चुकलेली आहे ती रेघ.

ही रेघ काही देवाने आखलेली नाही. २००४ मध्ये ती ७,५०० होती. २००६ मध्ये १०,००० झाली, २०१० मध्ये १५,००० आणि जानेवारी २०१७ मध्ये २१,०००. म्हणजे तेरा वर्षांत तिला तीनदा वर सरकवलं गेलं. त्यानंतर मात्र हा लेख लिहीपर्यंत ती तिथेच आहे. या काळात पगार वाढले, भाडी वाढली, डॉक्टरांच्या फिया आणि तपासण्यांचे दरही वाढले. दरवर्षी फक्त पाच टक्के महागाई धरली तरी २०१७ चे २१,००० रुपये आठ वर्षांत ३१,००० च्या बरोबरीचे होतात. तेव्हा आत असलेला माणूस आज बाहेर आहे, आणि तो श्रीमंत झाला म्हणून बाहेर गेलेला नाही.

"पण पाच लाखांची योजना आहे ना?"

आहे, आणि तिचं महत्त्व मी अजिबात कमी करत नाही. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ पासून होती, तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. जुलै २०२४ पासून तिची मर्यादा दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख झाली आणि पांढरं रेशनकार्ड असलेलेही तिच्यात आले. हे मोठं पाऊल होतं. मर्यादा ओलांडलेला आपला कामगारही या योजनेत बसतो, त्यामुळे अँजिओप्लास्टी किंवा कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी त्याला घर विकायची वेळ येऊ नये.

पण ही योजना दवाखान्याची नाही, ती रुग्णालयाची आहे. यादीतला आजार हवा, योजनेशी जोडलेलं रुग्णालय हवं, आणि बहुतेक वेळा अ‍ॅडमिट होणं हवं. रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची फी आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या तिच्या बाहेर आहेत. आजारपणात बुडालेली मजुरी तर नाहीच.

याचा परिणाम कसा होतो ते मधुमेहाच्या उदाहरणावरून समजून घ्या. साखर आणि बीपी असलेल्या माणसाला रोज तीन-चार गोळ्या लागतात. दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासावं लागतं. हे सगळं ओपीडीतलं काम. हात तंगीत आला की घरखर्चातून पहिली काट कशाला लागते? मुलांच्या फीला नाही, गॅसच्या टाकीला नाही. काट लागते ती गोळ्यांना. कारण बीपी दुखत नाही आणि साखर वाढली म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही असं होत नाही. मग 'एक दिवसाआड घेतो', 'बरं वाटतंय म्हणून बंद केल्या' असं सुरू होतं.

चार-पाच वर्षांनी याच माणसाच्या पायाला जखम होते आणि ती भरत नाही. किंवा अर्ध्या अंगावरून वारं जातं. किंवा किडनी निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस सुरू होतं. आता मात्र योजना मदतीला धावते. डायलिसिस मोफत, ऑपरेशन मोफत. ज्या गोळ्यांनी हे सगळं लांबवता किंवा कदाचित टाळता आलं असतं, त्यांच्यासाठी मात्र विमा नव्हता. आपली व्यवस्था पाय कापायचे पैसे देते, पाय वाचवायचे देत नाही. सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीनेही हा तोट्याचाच व्यवहार आहे.

म्हणूनच 'ईएसआय गेली तरी पाच लाखांचं कार्ड आहे' हे उत्तर अर्धंच आहे. जे गेलं ते ओपीडीचं आणि पगाराचं संरक्षण, आणि कार्ड नेमकं तेच देत नाही.

रेघेच्या आत बसणारेही सगळे आत नाहीत

कामगार विमा साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागू होतो. चार माणसांचं गॅरेज, दोन नोकरांचं किराणा दुकान, चार घरची धुणीभांडी करणारी ताई, रिक्षावाले, भाजीवाले, शेतमजूर, बांधकामावरचा रोजंदार हे सगळे त्याच्या बाहेर राहतात. पगार २१,००० च्या कितीतरी खाली असूनही. म्हणजे सक्तीचा विमा पोचतो तो नोंद असलेल्या नोकरीपर्यंतच. त्याखालचा माणूस सरकारी योजनेवर आणि सरकारी दवाखान्यावर अवलंबून आहे. वरचा माणूस खासगी पॉलिसी घेऊ शकतो. मधला लोंबकळतो.

नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात या मधल्या लोकांचा अंदाज दिला होता. देशातले किमान ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी लोक, ज्यांना आरोग्यखर्चासाठी कोणतंही आर्थिक संरक्षण नाही. ना सरकारी योजनेइतके गरीब, ना विमा कंपनीच्या हप्त्याइतके सधन. देशाच्या २०२१-२२ च्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करतात. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता. सुधारणा नक्कीच आहे, पण अजून शंभरातले जवळपास चाळीस रुपये घरातून जातात.

मग सगळ्यांनाच विमा सक्तीचा करायचा का?

बऱ्याच जणांना हा सोपा उपाय वाटतो. गाडीसारखा कायदा करा, प्रत्येकाने पॉलिसी घ्यायची, नाही घेतली तर दंड. मला हे पटत नाही. ज्याला हप्ता परवडत नाही त्याला सक्ती करणं म्हणजे गरिबीवर दंड लावणं.

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. तिथल्या २०१० च्या कायद्याने प्रत्येकाला विमा घेणं बंधनकारक केलं आणि कमी उत्पन्नवाल्यांना हप्त्यासाठी सरकारी मदत ठेवली. अगदी गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना सगळ्या राज्यांनी वाढवायची असं ठरलं होतं. पण २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली. टेक्सास, फ्लोरिडा अशा काही राज्यांनी ती केलीच नाही. हप्त्याची मदत दारिद्र्यरेषेच्या वरच्यांनाच होती, कारण खालचे मेडिकेडमध्ये जातील असं कायदा लिहिणाऱ्यांनी धरलं होतं. परिणाम असा झाला की या राज्यांतला एखादा माणूस मदत मिळायला फार गरीब ठरला आणि मेडिकेड मिळायला पुरेसा गरीब ठरला नाही. आपल्याकडे माणूस पगार वाढल्यावर फटीत पडतो, तिथे तो पगार कमी असल्यामुळे पडला. विमा न घेणाऱ्यावरचा केंद्रीय दंड २०१९ पासून शून्य झाला, पण त्या राज्यांतली फट राहिलीच.

यातून मी एवढंच शिकतो की सक्ती असणं-नसणं हा मुख्य प्रश्न नाही. एक योजना संपते आणि दुसरी सुरू होते त्या दोन रेघा एकमेकींना चिकटलेल्या आहेत का, हा खरा प्रश्न आहे. त्यांच्यात अंतर राहिलं की तिथे माणसं पडतात.

माझं मत

एक, ईएसआयची पगारमर्यादा वाढवावी आणि ती महागाईशी जोडावी, म्हणजे दर काही वर्षांनी कुणाला निवेदनं द्यावी लागणार नाहीत.

दोन, मर्यादा ओलांडणाऱ्याला दार बंद करू नये. त्याला स्वेच्छेने आत राहू द्यावं. २२,००० पगाराच्या माणसाने स्वतःचा आणि मालकाचा असे दोन्ही वाटे भरले तरी चार टक्क्यांनी महिना ८८० रुपये होतात. अनेक जण ते आनंदाने भरतील.

तीन, जन आरोग्य योजनेत निदान बीपी, मधुमेह, दमा, थायरॉइड आणि फिट्स या पाच आजारांच्या गोळ्या आणि ठरावीक तपासण्या ओपीडीत द्याव्यात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. कामगार विम्याच्या दवाखान्यांत आधीच गर्दी आहे, औषधं कधी संपलेली असतात, पुढच्या रुग्णालयात पाठवायच्या कागदांत दिवस जातात, मग आणखी माणसं आत घेऊन काय करणार? माझं उत्तर असं: जास्त पगाराची माणसं आत आली तर वर्गणीही जास्त येते. शिवाय तक्रार करणारा, लिहिता-वाचता, आवाज असलेला माणूस आत राहिला तर सेवा सुधारायला दबाव राहतो. फक्त गरिबांसाठी राखलेल्या सेवेकडे कुणाचं लक्ष नसतं, हा अनुभव आपण शाळांच्या बाबतीत घेतलाच आहे.

तोवर तुम्ही काय करू शकता

धोरण बदलायला वेळ लागेल. तुमच्या गोळ्या तोवर थांबू शकत नाहीत. म्हणून या गोष्टी करा.

• पगाराची स्लिप पाहा. ईएसआयची कपात होते का आणि तुमचा विमा क्रमांक आहे का ते तपासा. मालकाचा ३.२५ टक्क्यांचा वाटा तुमच्या पगारातून कापता येत नाही. तुम्ही कंत्राटदाराकडे असलात तरी तुमची वर्गणी भरली जाते की नाही याची जबाबदारी मूळ मालकावरही येते. शंका असेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा.

• ओव्हरटाइमला घाबरू नका. २१,००० ची मर्यादा मोजताना ओव्हरटाइमचे पैसे धरत नाहीत.

• पगार मर्यादेवर गेला म्हणून लगेच लाभ संपत नाही. वर्गणीचे दोन कालावधी असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगार वाढला तर तो कालावधी संपेपर्यंत तुम्ही आतच राहता. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरपर्यंत. म्हणजे वाढ १ एप्रिलपासून लागू झाली तर साधारण डिसेंबरअखेर आणि मे महिन्यात झाली तर पुढच्या जूनअखेरपर्यंत उपचार मिळायला हवेत. शाखा कार्यालयातून तारीख पक्की करून घ्या आणि राहिलेल्या तपासण्या, लांबलेलं ऑपरेशन या काळात उरकून घ्या.

• याच काळात दुसरा विमा घ्या, आजारी पडल्यावर नाही. 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांकडे एकसारख्या अटींची साधी पॉलिसी आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. बीपी-शुगर लपवू नका, नंतर क्लेम नाकारण्याचं तेच पहिलं कारण होतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेव्हा जुन्या दरपत्रकावर जाऊ नका.

• जन आरोग्य योजनेचं कार्ड गरज पडण्याआधी काढा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते पाहा, कारण ऐन वेळी बरेच जण तिथेच अडकतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्याआधी त्यांना भेटा. महाराष्ट्रातल्या योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ आहे.

• घरात ७० वर्षांवरचे आईवडील असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

• धर्मादाय रुग्णालय लक्षात ठेवा. महाराष्ट्रात या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. महिना २१,४०० पगार म्हणजे वर्षाला २,५६,८००. घरात दुसरं उत्पन्न नसेल तर तुम्ही यात बसता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा.

• गोळ्या बंद करू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि मधुमेहाची नेहमीची औषधं मिळतात. तिथे जाणं जमत नसेल तर जनऔषधी केंद्रात जा. डॉक्टरांना सरळ सांगा, 'परवडणाऱ्या गोळ्या लिहून द्या.' यात लाजण्यासारखं काही नाही. महागड्या गोळ्या सोडून देणाऱ्या रुग्णापेक्षा स्वस्त गोळ्या रोज घेणारा रुग्ण कोणत्याही डॉक्टरला आवडतो.

पुढच्या वेळी पगारवाढीचं पत्र हातात आलं की आकडा पाहून आनंद जरूर करा. फक्त तो २१,००० च्या वर गेला असेल तर त्याच आठवड्यात ईएसआयच्या शाखेत जाऊन लाभाची शेवटची तारीख विचारा आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. हा लेख तुमच्या कंपनीतल्या, सोसायटीत काम करणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या माणसांपर्यंत पोचवा. ज्यांना याची गरज आहे त्यांच्यापैकी अनेकांना आपण आत आहोत की बाहेर हेच ठाऊक नसतं.

काळजी घ्या, आणि गोळ्या वेळेवर घ्या.